मला पडदा नाही

मित्रांनो, शेवटी मला विकत घेतलं गेलं आणि माझ्यावर एक अख्खं पुस्तक चितारलं गेलं. पण आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं, म्हणून हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. आता सुरुवात करतो.

मी एक जुना ड्रॉइंग टॅब्लेट आहे. मला पडदा नाही. मी नुसती काळी, सपाट पाटी. माझ्यावर पेन फिरवलं की रेघ समोरच्या लॅपटॉपवर उमटते. माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या आठवणी फारशा नाहीत, कारण लगेच खोक्यात गेलो. दुकानात मी नमुन्याचा नग होतो. दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यानं माझ्यावर सही करून पाहिली. इतक्या सह्या होऊनही माझ्याबाबत निर्णय काही झाला नाही.

एक दिवस एक ताई आली, सोबत तिचे बाबा. बाबांचं सलून होतं. ताईला एका प्रकाशकानं मुलांच्या पुस्तकाची बारा चित्रं सांगितली होती. अट अशी की सगळी संगणकावर काढायची आणि महिन्याभरात द्यायची, नाहीतर काम दुसऱ्याला. हातातल्या पैशांत दोनच वाटा होत्या. पडद्याचा देखणा टॅब्लेट घ्यायचा आणि त्यासोबत रडतखडत चालणारा लॅपटॉप, किंवा दणकट जुना लॅपटॉप आणि मी.

ताईनं मला दोन्ही लॅपटॉपना जोडून जाड ब्रश फिरवला. पहिल्यावर पेन पोचलं, रेघ मागून धापा टाकत आली. दुसऱ्याच्या झाकणावर ओरखडे होते, पण रॅम दुप्पट, रंग खरे आणि रेघ पेनाला चिकटून. लॅपटॉप ठरला. मग तिनं माझ्यावर चेहरा काढायला घेतला आणि नाक कानाच्या जागी गेलं. सवयीनं ती खाली माझ्याकडे बघत होती. माझ्यात बघण्यासारखं काही नाही, हे मी प्रांजळपणे मान्य करतो.

दुकानदार म्हणाला, "नवशिक्यांना नाही जमत हो हा. हात एकीकडे, डोळे भलतीकडे."

"मग मी तीस वर्षं काय करतोय?" बाबा म्हणाले. "हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, नजर आरशात. घे गं हाच."

दुसऱ्या दिवशी सलून उघडण्याआधी बाबा स्वतःच्याच खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि ताईच्या हातात कात्री दिली. नियम एकच, नजर आरशातून हलवायची नाही. रोज आधी केस, मग माझ्यावर रेघा. पहिल्या दिवशी डावा कल्ला गेला. चौथ्या दिवशी डोक्यावर बेटं दिसू लागली. आईनं टोपी आणून दिली, ती त्यांनी खुंटीला अडकवली. "पोरगी शिकतेय," असं ते गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत, आणि गिऱ्हाइकं आणखी भराभर निघून जात.

नवव्या दिवशी केस संपले. त्याच दिवशी ताईनं खाली न बघता माझ्यावर एका दमात गोल काढला. असा गोल मी तोवर पाहिला नव्हता. खरं तर तोही पाहिला नाही, मला पडदा नाही. पण अंगावरून फिरताना कळतं.

बाराही चित्रं वेळेत गेली. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घोंगावला, पण अडला नाही. माझ्या पेनाची तीन टोकं झिजली. माझ्या मधोमध पांढुरका डाग पडलाय, त्याला मी पदक समजतो. पुस्तक छापून आलं तेव्हापासून बाबा ते आधी गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि शेवटचं पान उलटल्याशिवाय दाढीला हात लावत नाहीत.

मित्रांनो, कुणाला पडदा नाही म्हणून त्याला कमी लेखू नका. त्याच्यावर चहाचा कपही ठेवू नका. आता थोडं कामाचं.

प्रति, माननीय प्रकाशक. विषय: श्रेयनामावलीतील त्रुटीबाबत. उपरोक्त पुस्तकात लेखक, चित्रकार व मुद्रक यांची नावे आहेत. प्रस्तुत टॅब्लेट आणि चित्रकाराच्या वडिलांचे केस यांचा उल्लेख नाही. तरी पुढील आवृत्तीत दोघांची नावे मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापण्यात यावीत, ही नम्र विनंती. केस पुन्हा उगवले असून चौकशीसाठी केव्हाही उपलब्ध आहेत. कळावे.