अमावास्येला मोजलेले घर

मित्रांनो, मी पन्नास फुटांची एक जुनी कापडी फीत आहे. गोल चामडी डबी हे माझे घर. पितळी मूठ फिरवली की मी गुंडाळली जाते. मला मागावर विणले, वर तेलाचा हात दिला आणि काळ्या शाईने फूट-इंच छापले. १९४९ साली नागपुरातल्या एका विमा कंपनीचे तपासनीस मनोहरराव यांनी मला विकत घेतले. पुढची पाच वर्षे मी त्यांच्या सायकलीला लटकून हे शहर मोजले.

माझे काम असे होते. ज्याला घराचा आगीचा विमा हवा असे, त्याच्याकडे आम्ही जात असू. भिंत विटांची की मातीची, छप्पर कवेलूंचे म्हणजे कौलांचे की गवताचे, विहीर किती लांब, शेजार किती जवळ, हे सारे मनोहरराव टिपून घेत. त्यावर दर ठरे. विटांच्या बंगल्याला कमी, गवती छपराजवळच्या घराला जास्त. घरात कापूस किंवा सूत भरून कुणी धंदा करत असेल, तर त्याहून जास्त. "मनोहररावांच्या टिपणात इंचाचीही चूक नसते," असे कचेरीत म्हणत. तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

१९५४ सालच्या पौष अमावास्येला आम्ही सक्करदऱ्याजवळच्या कोष्टी आळीत गेलो. घर श्रावण विणकराचे आणि त्याची बायको जनाबाई हिचे. आदल्या उन्हाळ्यात आळीतली दोन घरे जळाली होती. तेव्हापासून जनाबाईने विम्याचा ध्यास घेतला होता. दोन पाटल्या विकून तिने छपरावर नवी कवेलू घातली होती.

"दुसऱ्या कंपनीचा ओमप्रकाश आला होता जी," ती म्हणाली. "त्यानं आत पाऊल नाही टाकलं. आळी पाहिली अन् शेकडा बारा आणे म्हणाला."

"मी म्हटलं, बारा आण्यात तू घराचा इमा करून राहिला, का आळीच इकत घेऊन राहिला?" श्रावण म्हणाला.

"तुमी गप बसा गा. साहेब, तुमी म्हणता मोजून सहा आण्यात होईन. एकाच घराचे दोन भाव काहून जी?"

मनोहररावांना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले, "त्यांच्या कंपनीला विणकर आळ्यांत बरीच भरपाई द्यावी लागली आहे. म्हणून ते साऱ्या आळीला एकच भाव लावतात. आम्ही प्रत्येक घर मोजून भाव सांगतो. तुमचं घर चांगलं आहे, तर दुसऱ्याच्या घराचा धोका तुम्ही का भरायचा?"

आणि ते मोजू लागले. शेजारच्या रामाजीचे गवती छप्पर सतरा फुटांवर निघाले. विहीर चाळीस फुटांवर. मग आतली खोली. तिथे माग होता.

मित्रांनो, अमावास्येला कोष्टी विणत नाही. त्या दिवशी मागाला विश्रांती असते. जनाबाईने तो पुसून हळदकुंकू वाहिले होते, वर झेंडूचे फूल ठेवले होते. सुताचे गठ्ठे कपड्याखाली झाकले होते. मनोहररावांना वाटले, आळीतले बरेच जण आता गिरणीत जातात; हा वाडवडिलांचा जुना माग असेल, आता नुसता पुजतात. ते हात जोडून पुढे सरकले. माझे टोक मात्र विणकर ज्यात पाय सोडून बसतो, त्या मागाच्या खड्ड्याच्या काठाला लागले. तिथली माती रोजच्या बसण्याने गुळगुळीत झाली होती. मी स्वतः मागावर जन्मलेली. हा माग रोज चालतो, हे मला कळले. पण फितीला लांबीखेरीज काही सांगता येत नाही.

"घरात काही धंदा, दुकान, कारखाना?" मनोहररावांनी विचारले.

"नाही जी," जनाबाई म्हणाली. "आमी घरचेच माणसं."

ती खोटे बोलली नाही. धंदा म्हणजे तिच्या लेखी बाजारातले दुकान. माग हा घरातला वडील माणूस होता. मनोहररावांनी लिहिले, 'वापर: फक्त राहण्यासाठी.' जनाबाईने अंगठा उठवला.

चैत्रात भर दुपारी रामाजीच्या छपराने पेट घेतला. वारा सुटला होता. मधले सतरा फूट आगीने एका झेपेत ओलांडले. जनाबाईच्या घरातली माणसे वाचली. माग, सूत, विणून होत आलेले लुगडे आणि पाटल्यांची कवेलू, काही उरले नाही.

आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा मुख्य कचेरीतले मोठे साहेब सोबत होते. मनोहररावांनी मला राखेवर पसरले. साहेब मागाच्या खड्ड्याजवळ थांबले.

"इथला माग रोज चालत होता?"

"हो जी. अमावास्या सोडून रोज," जनाबाई म्हणाली.

"मग अर्जात का सांगितलं नाही? इतकं सूत घरात आहे हे माहीत असतं, तर या दरात आम्ही विमा दिलाच नसता."

जनाबाईने मनोहररावांकडे पाहिले. ते खाली वाकून माझ्यावरचे आकडे वाचत होते. ते आकडे त्यांना पाठ होते.

"मीच चुकली, साहेब," ती म्हणाली. "यायनं तं बराबर इचारलं होतं. मलेच सांगता नाही आलं."

'माग मी पाहिला होता,' एवढे चार शब्द हवे होते. मनोहररावांनी ते उच्चारले नाहीत. भरपाईची मागणी नामंजूर झाली. ओमप्रकाशच्या महाग दरात घरोघरचा माग धरलेलाच होता, तो विमा घेतला असता तर भरपाई मिळाली असती, हे जनाबाईला कुणी सांगितले नाही. श्रावण गिरणीत लागला. जनाबाई उमरेडला भावाच्या ओसरीवर राहायला गेली, शेवटपर्यंत स्वतःला दोष देत.

मनोहररावांनी मला राखेसकट गुंडाळले आणि टेबलाच्या खणात टाकले. आज १९६० साल आहे. ते आता पोलादी फीत वापरतात. राखेने माझे पदर एकमेकांना चिकटले आहेत. ओढले तर मी फाटेन.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या घरे मोजायला जाल. वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण माणसाला कागदाच्या भाषेत विचारू नका. धंदा आहे का, असे विचारू नका. घर कशावर चालते, एवढेच विचारा. जनाबाईने त्याच क्षणी मागाकडे बोट दाखवले असते.