मिठाआधी तरंगलेलं अंडं

अंडं बुडायलाच तयार नव्हतं.

राहीनं ते चमच्यानं हळूच खाली दाबलं. चमचा काढताच ते पुन्हा वर आलं आणि काचेच्या बरणीत ऐटीत तरंगू लागलं. फळ्यावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : साध्या पाण्यात अंडे बुडते, मिठाच्या पाण्यात तरंगते. मिठाची पुडी तर अजून सोडलीही नव्हती.

खुर्चीवर बसलेले तपासणीचे साहेब, लालासाहेब जगदाळे, चष्म्यावरून पाहत होते.

राही आटपाडीकडच्या मेंढपाळाची लेक, घराण्यात पहिलीच शिकलेली. नोकरी वर्षापुरती. आजचा पाठ साहेबांच्या मनास आला तरच ती कायम होणार होती. 'वर्गात गावरान बोलायचं नाही,' अशी तंबी मागच्या तपासणीत मिळालेली. म्हणून आज ती सुपात दाणा घोळून घ्यावा तसा एकेक शब्द निवडून बोलत होती.

"मुलांनो, असे का झाले असावे बरे?"

"बाई, पान्यात आदीच मीठ हाय!" कृष्णात ओरडला.

"तुज्या तोंडात हाय मीठ! चाखून बघ की," अंडं आणणारी अंबू फणकारली.

कृष्णातनं बोट बुडवून चाखलं. "न्हाई गड्या, गोडंच हाय."

वर्ग खिदळला. साहेब हसले नाहीत.

तेवढ्यात अंडं हललं. धक्का नाही, वारा नाही. आपल्या आपण डुललं, थांबलं, पुन्हा डुललं. पाण्यावर बारीक वलयं उठली.

"बाई, अंडं नाचतंय!"

भीतीनं माणूस आपल्या घराची वाट विसरतो, तशी राही घरी पाहिलेलं विसरली होती. आता आठवलं. आई अशीच कोमट पाण्यात अंडी सोडून बघायची. नाचेल त्यात जीव. निवडलेले सगळे शब्द भुर्रकन उडून गेले.

"अगं अंबे, कुटलं आनलंस ह्ये?"

"खुडूक कोंबडीखालचं," अंबू पुटपुटली. "ताजी अंडी आय बाजारात इकती. हात लावू देत न्हाई."

"अगं माजे बाय! पिल्लू हाय ह्यात! कवचाला बारीक बारीक भोकं असत्यात. आतलं पानी त्यातनं वाफ हून जातंय, त्याच्या जागी हवा शिरती. मग हलकं हुनार न्हाई व्हय? तरंगनारच की!"

बोलता बोलता तिनं अंडं पदरानं टिपलं, आपल्या कानाला लावलं, मग एकेका पोराच्या. "आयका. टुकटुक करतंय."

पोरं श्वास रोखून रांगेत उभी राहिली. रांगेतला शेवटचा कान साहेबांचा होता. ते कधी येऊन उभे राहिले, कुणालाच कळलं नाही. राहीनं जीभ चावली.

"क्षमा करा साहेब. मी पुन्हा शुद्ध भाषेत सांगते."

साहेबांचे डोळे मिटलेले होते.

"जरा गप ऱ्हावा की बाई," ते हळूच म्हणाले. "आयकू द्या."

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. "जूनपासनं कायम समजा. मी लिवतो वर." मग डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्यांनी तिच्यात अंडं ठेवलं. "पळा आता. कोंबडी वाट बघत आसंल."

टोपी दोन्ही हातांत धरून अंबू निघाली. मागे सगळा वर्ग, सगळ्यांच्या मागे भर उन्हात बोडक्या डोक्याचे साहेब. आणि राही पुढे होऊन वाटेतले खडे पायानं बाजूला सारत चालली होती.