खुर्चीचा सैल स्क्रू

मी सलूनची खुर्ची बोलतेय. बोलतेय खरी, पण त्या दिवशी माझा स्क्रू खुळखुळला तेव्हा कारकूनकाका माझ्यावर बसले होते की अजून उभेच होते, हे मला नक्की आठवत नाही. आणि सगळं तर त्यावरच आहे.

कारखान्यातून आले तेव्हा मी गोल फिरायचे, मागे कलायचे, पण आवाज म्हणून करायचे नाही. पुढे उजव्या हाताखालचा एक स्क्रू सैल झाला. मालकांना तो पिळायला कधी सवड झाली नाही. भिंतीवर पाटी लावायला मात्र झाली: ‘सेवा नाकारण्याचा हक्क राखून ठेवला आहे.’

तेव्हापासून नुसता वैताग! याला खोकला, परत जा. तो फार बोलतो, परत जा. एकाचे म्हणे खुंट राठ! केस कापायला आलेल्यांना कोणी हाकलत नव्हतं, गदा यायची ती दाढीवाल्यांवर. बसवायचंच नाही, तर मला रोज पुसता कशाला?

कारकूनकाका कोर्टातून निवृत्त झालेले, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मान जराशी हलायची.

“घोटून कर रे. नात उद्या परदेशी चाललीय. दाढी टोचते म्हणून गालाला गाल लावत नाही कार्टी.”

“नाही जमणार, काका. तुमची मान हलते. वस्तरा लागेल.”

“मग गेल्या महिन्यात कसं जमलं?”

मालकांनी पाटीकडे बोट दाखवलं.

“वाचलीय. दुकान तुझं. जात-धर्म बघून हाकलत नसशील, तर नाही म्हणायचा हक्कही तुझा. पण तीस वर्षांनी खरं कारण तरी सांगशील?”

“हक्क आहे म्हणजे आहे!” माझा उजवा हात गच्च धरून मालक म्हणाले. स्क्रू खुळखुळला.

काका गालावरून हात फिरवत पायऱ्या उतरले. पुन्हा आले नाहीत. मी चरफडले, आणि मग माझी मलाच शंका आली. ती खुळखुळ काकांच्या मानेची असेल, तर मालकांचं काय चुकलं?

काही वर्षांनी दुकान भाच्याकडे गेलं. एक दिवस मालक स्वतःच दाढीला येऊन माझ्यावर बसले.

“मामा, हात मांडीवर ठेवा. खुर्ची वाजतेय.”

“वाजणारच. पाटी लावली त्याच्याही आधीपासून वाजतेय.” मालक आरशात बघेनात. “माझा हात थरथरतो म्हटलं असतं, तर वस्तऱ्याखाली मान कोणी दिली असती?”

आवाज तोच होता. त्या दिवशी काका माझ्यावर बसलेच नव्हते.