भारंभार गूळ

अडगळीच्या खोलीतल्या फळीवर दोन पासऱ्या पडून असत. किलोची मापं आली तेव्हापासून त्या पाच-पाच शेरांच्या लोखंडाला कुणी हात लावला नव्हता. हनुमान जयंतीच्या सकाळी झुंबरबाई तिथं टोपली घ्यायला गेली, तर फळीवरच्या धुळीत दोन गोल स्वच्छ ठसे तेवढे उरले होते. ही भंगारातली मापं नेणार कोण? आणि तीही आजच?

आज नेणारा माणूस घरात एकच होता. तिचा नवरा.

भगवानराव तीन वर्षांचे असताना तापानं अगदी हाडांचा सापळा झाले होते. त्यांच्या बापानं मारुतीला नवस केला, 'लेकरू जगू दे, दरसाल त्याच्या भारंभार गूळ वाटीन.' लेकरू जगलं, आणि असं जगलं की पिंपळगावानं बघत राहावं. दर हनुमान जयंतीला देवळापुढच्या निंबाला ताजवा टांगायचा, एका पारड्यात भगवानराव, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. मग तो गूळ गावच्या पोरांना. वजन दरसाल वाढलंच पाहिजे असं काही नवसात नव्हतं, पण ते वाढत गेलं आणि गावानं त्याचाच नवस करून टाकला. वजन वाढलं म्हणजे मारुती खूश. मागच्या साली एकशे चार किलो भरले, तेव्हा तर बँड वाजला होता. या वाढीतला निम्मा वाटा झुंबरबाईच्या हाताचा. नको म्हटलं तरी पोळीवर तुपाची धार धरणारी बाई ती, तिला तरी काय ठाऊक होतं!

दिवाळीनंतर कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट भगवानरावांच्या तळपायात घुसला. जखम महिनाभर भरेना. खामगावच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि झुंबरबाईलाच समोर बसवलं.

"साखरेचा आजार आहे, बाई. गूळ, साखर, पोळ्यांवरचं तूप सगळं बंद. वजन उतरलं तर पाय राहील. नाहीतर घोट्यापासून कापावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल याचीही खात्री नाही."

त्या दिवसापासून ती दगडासारखी कठोर झाली. मोजून दोन भाकरी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, ताक. जखम ती स्वतः धुवायची. पाय टेकवता येऊ लागला तसं तिनं त्यांना रोज वावरापर्यंत चालायला लावलं. भगवानराव चिडले, रुसले, एकदा ताट ढकललं, पण तिच्यापुढे त्यांचं काही चालेना. बायका मात्र तिला पाणवठ्यावर गाठून विचारायच्या, "काऊन वो, मालकाले उपाशी मारता काय?" तिला फार लागायचं ते. घरी येऊन ती चुलीपुढे डोळे पुसायची आणि परत दोनच भाकरी थापायची.

आता ताजव्यासमोर भगवानराव बैलांच्या दमणीतून उतरले. चैत्राच्या उन्हात अंगात लांब कोट, आणि कंबरेपाशी फुगवटा. पारड्यात बसताना त्यांनी दोन्ही हातांनी कंबर सावरली. पुंजाजी, दरसालचा मापारी, पलीकडे भेल्या रचू लागला.

झुंबरबाई बायकांत उभी होती. गप्प राहिलं तर नवऱ्याची इज्जत राहील, आपल्यामागची बोलणीही थांबतील. पण जो माणूस आज जड भरायला लोखंड बांधतो, तो उद्या लोखंड बांधावं लागू नये म्हणून जेवायला बसेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि मग तो पाय.

ती पुढे झाली. बाईमाणूस ताजव्यापाशी आलेलं पाहून पुंजाजीचा हात थांबला.

"आहो," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या पासऱ्या सोडा."

भगवानरावांचा चेहरा लालबुंद झाला. आता भडकतात, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी मान खाली घातली, कोटाखाली कंबरेला बांधलेल्या उपरण्याची गाठ सोडली आणि दोन्ही पासऱ्या खाली ठेवल्या. त्यांचं पारडं वर गेलं. पुंजाजीनं एकेक भेली उतरवली, तेव्हा कुठे काटा जुळला. ब्याण्णव. मागं कुणीतरी खिदळलं.

"बाराची तूट, मालक," पुंजाजी हळूच म्हणाला. "मारुती रुसला काय?"

"मामंजीनं लेकराचा जीव मांगला होता, पुंजाजी. वजन नाई मांगलं." झुंबरबाई नवऱ्याकडे वळली. "आहो, तळपाय दाखवा यायले."

भगवानरावांनी पाय वर केला. जखमेच्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती. पुंजाजीनं वाकून पाहिलं.

"डाक्टर हा पाय कापाले निंगाला होता," ती म्हणाली. "आता हाये जाग्यावर."

आता कुणी हसलं नाही. पोरांचे डोळे मात्र उतरवलेल्या भेल्यांवर होते. झुंबरबाईनं देवळाच्या ओट्यावर आधीच ठेवलेलं एक गाठोडं आणून पुंजाजीपुढे ठेवलं.

"भाजलेले शेंगदाणे हायेत. बारा किलो. गुळासंगं वाटून टाका. लेकरायच्या वाट्याले तूट नोको."

भगवानराव पारड्यातून उतरता उतरता थांबले. "बारा? तुले कसं मालूम?"

"रोज जेवाले मीच वाढतो ना तुमाले."

त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग खालच्या पासऱ्यांकडे. एकच तूट दोघांनी आपापल्या परीनं भरून आणली होती, आणि एकमेकांना बोलले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

वाटप झालं. गाडीवानानं दमणी पुढे आणली. भगवानरावांनी वाहणा घातल्या, दोन हातांत दोन पासऱ्या उचलल्या.

"तू बस दमणीत," ते बायकोला म्हणाले. "मी येतो पायी."