रिक्षाचं वाक्य

मी फळा बोलतोय. बोलायची हौस नाही मला. पिंप्राळ्यातल्या क्लासच्या मागे नळाशेजारी टेकवून ठेवलंय, तिथं येऊन तुम्ही खोदून खोदून विचारता, म्हणून सांगतो. मध्ये बोलू नका.

जन्मानं मी प्लायवूड. सुतारानं कापलं, काळा रंग फासला, झालं माझं शिक्षण. मग सुकदेव सरांच्या इंग्रजीच्या क्लासात लागलो. दिवसभर अंगावर काळ लिहायचे, वर्तमान, भूत, भविष्य, आणि संध्याकाळी पुसून टाकायचे. डोक्यात राहणार काय?

सरांची एक रीत होती. ज्यानं त्यानं आपल्या घरातलं वाक्य सांगायचं आणि सगळ्यांसमोर त्याचा काळ बदलायचा.

त्या बॅचला रूपाताई यायच्या. पोरांमध्ये त्याच एकट्या मोठ्या. दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर काम मिळणार होतं, फक्त इंग्रजी बोलता यायला हवं होतं. आणि काम हवंच होतं. पोरगी पुनम लहान, नवरा नवल, रिक्षावाला, अपघात होऊन धुळ्याला दवाखान्यात पडलेला.

"माझा नवरा रिक्षा चालवतो," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. बरोबर सांगितलं. सरांनी माझ्यावर लिहिलं.

"आता भूतकाळ करा."

ताईंनी वही मिटली.

"काल तर सगळे काळ जमले होते."

"दुसरं वाक्य द्या, सर."

"अहो, चौथीतलं पोर करेल हे."

"मी नाही करणार. पुनमना बाप आजून शे, सर."

'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' ऐकून पोरं फिसकन हसली. सरही हसले. "व्याकरणात कोणी मरत नाही, ताई," म्हणाले, आणि स्वतःच खडू दाबून नवलला भूतकाळात घातलं: नवरा रिक्षा चालवत होता. खाली दोन रेघा ओढल्या.

आमच्याकडे जित्या माणसाला 'होता' म्हणत नाहीत. खाट धरलेल्याला तर नाहीच. सरांना हे माहीत नव्हतं? घरी आईशी तेही शे-शे करतच बोलतात.

ताई उठल्या, ओढणीनं मला पुसायला निघाल्या. सर म्हणाले, "राहू द्या, पोरांना उतरवायचंय." ताई गेल्या त्या गेल्याच. काउंटरवर दुसरी मुलगी बसली.

त्या संध्याकाळी मला कोणी पुसलंच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी. ते वाक्य अंगावर घेऊन मी बंद खोलीत उभा. समोरच्याच गल्लीत ताईंचं घर, येता-जाता त्यांना ते खिडकीतून दिसत असणार. लिहिलं दुसऱ्यानं, पण अंग माझं होतं. खाली पडून तुकडे व्हावेत असं वाटायचं. खिळा पक्का निघाला.

पुढं पांढरा बोर्ड आला आणि मी इथं आलो. खडू इतका दाबलेला, की ओरखडे अजून दिसतात.

नवल बरा झाला. आता त्याच्याच रिक्षातून पोरं क्लासला येतात. परवा तो नळावर बाटली भरायला आला आणि ओला रुमाल माझ्यावर वाळत घातला, नेमका त्या वाक्यावर. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. बरं झालं. मला मात्र वर बघवेना.

बंबात घालायचं तर घाला मला, तक्रार नाही. पण आधी एका माणसानं इथं येऊन माफी मागायची आहे. ताईंची वेगळी, माझी वेगळी. रोज माझ्यासमोरच हात धुतो, खडू लागलेला नसला तरी.

सुकदेव सरांनी.