काओच्या बारा फळ्या

वल्ह्याच्या फळीला लू युएशा इस्त्रीची फळी म्हणायची, आणि वर सांगायची की हे तिचं कौतुकच आहे. इस्त्रीच्या फळीचा निदान काही उपयोग असतो.

उन्हाळाभर तैवानजवळच्या फंगहू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तैपेईची माणसं त्या रुंद, जाडजूड फळ्यांवर उभी राहायची आणि हातातल्या लांब वल्ह्यांनी समुद्र झाडत असल्यासारखी पुढे सरकायची. पन्नास हात गेली की फोटो, परत आली की पुन्हा फोटो. युएशा हे सगळं आपल्या कारखान्याच्या दारातून बघायची आणि शेंगदाण्याची टरफलं फुंकून उडवायची. तीस वर्षं ती शिडाच्या फळ्या घडवत होती. तिची फळी वाऱ्यात सोडली की पाण्याला जेमतेम शिवत जायची. वल्ह्यावर चालणाऱ्या गोष्टीला फळी म्हणणंच तिला पटत नव्हतं.

आणि या सगळ्या इस्त्रीच्या फळ्या होत्या काओ तिंग-युआनच्या. हा काओ अठरा वर्षं याच कारखान्यात तिचा भागीदार होता. ती आकार काढायची, तो घासून गुळगुळीत करायचा. त्याच्या हातात कसब होतं हे ती आजही नाकारत नसे, म्हणून तर जास्त चिडायची. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तो म्हणाला, "युएशा, वर्षाला नऊ फळ्या करून किती दिवस काढायचे?" आणि किनाऱ्यावर छत्र्या, खुर्च्या आणि बारा वल्ह्याच्या फळ्या मांडून बसला. तेव्हापासून तो दिसला की ती त्याला "या, छत्रीवाले" म्हणायची.

ऑक्टोबर लागला, ईशान्येचा वारा सुरू झाला. हवेत मीठ उडायला लागलं, भाजीचे वाफे दगडी भिंतींच्या आड दडले आणि पर्यटक विमानं भरभरून परत गेले. एका दुपारी काओ छोट्या ट्रकमध्ये एक फळी टाकून दारात आला.

"कुणाच्या घराचं दार उखडून आणलंस?" युएशाने विचारलं.

"ऐकून तर घे. हिच्यावर डोलकाठीचा पाया बसवून दे. बाराही फळ्यांना. उन्हाळ्यात वल्हं, हिवाळ्यात शीड. शाळेतले चार मास्तर शिकायला तयार झालेत."

"हिच्यावर शीड?"

"जगभर लावतात."

"जगभर लोक कुत्र्यांना स्वेटरही घालतात."

काओ हसला नाही. युएशाने फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली. वर पातळ कवच, आत थर्माकोल. फळी उलटी करून तिने पोटावरून हात फिरवला. मागे माशाच्या परासारखा एक बोटभर पर, बाकी पोट सपाट.

"मधला पर कुठाय?"

"नवशिक्यांना कशाला मधला पर?"

ज्या माणसाने अठरा वर्षं तिच्या फळ्या घासल्या, त्याने हे विचारावं? मधला पर नसला की शीड भरल्यावर फळी खेकड्यासारखी आडवी सरकते; वारा नेईल तिकडे जाते आणि वाऱ्याच्या तोंडावर परत येत नाही. त्यातून काओचा किनारा दक्षिणेला, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. पाणी आरशासारखं सपाट दिसतं, म्हणून नवशिके खूष. जायला मजा, यायचं काय, ते कुणी विचारत नाही.

हे सगळं तिने सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "मी दारांना शिडं लावत नाही. खिडक्या असतील तर आण."

"तुला जमणार नाही, असं सरळ सांग की. च्वांगकाका करून देतील."

"मग इथे काय करतोयस? जा काकांकडे."

च्वांगकाका म्हणजे बंदरातले अडुसष्ट वर्षांचे कारागीर. फायबरच्या मासेमारी बोटी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खडकावर आपटून फाटलेली बोट ते आठवड्यात पुन्हा समुद्रात सोडायचे. चार दिवसांनी पेट्रोलपंपावर ते युएशाला भेटले. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी बोटीच्या राळेचे दोन डबे बांधलेले होते.

"काओचं काम घेतलंय," काका खुशीत म्हणाले. "भोक पाडायचं, डोलकाठीचा पाया बसवायचा, राळ नि लांबीचा लगदा भरून बुजवायचं. झालं."

युएशाची नजर डब्यांवर गेली. बोटीची राळ थर्माकोलला लागली की थर्माकोल विरघळतो, तापल्या तव्यावर लोणी विरघळावं तसा. फळीला इपॉक्सीची वेगळी राळच लागते. आणि भोकात नुसती लांबी भरून भागत नाही. थर्माकोल खालच्या कवचापर्यंत कापून काढायचा, तिथे टणक फोमचा ठोकळा बसवायचा, वरून काचकापडाचे थर द्यायचे, तेव्हा कुठे पाया शिडाचा ताण सोसतो. बोटीत थर्माकोल नसतो, त्यामुळे काकांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

तिने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात काका म्हणाले, "बोटीपुढे हे म्हणजे खेळणंच की गं."

तीस वर्षांचं काम, आणि खेळणं. युएशाने तोंड मिटलं, पुन्हा डब्यांकडे बघितलं आणि हसली.

"खेळा, काका, खेळा," ती म्हणाली. "सांभाळून खेळा."

पुढच्या आठवड्यात भोपळ्याच्या शेवया खायला ती खानावळीत गेली, तर तिथे हाच विषय. च्वांगकाका म्हणे कुरकुर करत होते, या फळ्या राळ फार पितात. भोकात ओतावी तेवढी आत जाते, वर येतच नाही. शेवटी लांबीचे गोळेच्या गोळे ठासले तेव्हा कुठे दोन फळ्या बुजल्या. सगळे हसले. युएशाही हसली. तिने आणखी एक वाटी शेवया मागवल्या. आत काय झालंय ते तिला न बघता दिसत होतं: फळीच्या पोटात मडक्याएवढी पोकळी, आणि वरच्या पातळ कवचाला लोंबकळणारा लांबीचा गोळा. पाय लागला की निखळेल. गुडघाभर पाण्यात, चार मास्तरांसमोर छत्रीवाले तोंडावर आपटतील. त्या कल्पनेने शेवया फारच चवदार लागल्या.

रविवारी सकाळी ती मुद्दाम किनाऱ्यावर गेली आणि धक्क्याच्या भिंतीवर शेंगदाण्याची पुडी घेऊन बसली. काओ आणि मास्तर मंडळी तरंगायची जाकिटं घालून उभी होती. एक चष्मेवाल्या बाई, सू बाई, दुसऱ्या फळीपाशी कमरभर पाण्यात जाऊनही उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा नंबर काओच्या मागोमाग होता.

काओने भिंतीकडे बघून हात केला. "काय, परीक्षक? आलीस?"

"तमाशा फुकट आहे म्हणून आले."

तो फळीवर चढला, शीड उचललं. युएशाने दाणा सोलला. फळी निघाली. पाया निखळला नाही. ती वाट बघत राहिली. काओ दहा हात गेला, पन्नास हात गेला, शीड भरलं, आणि तो असा काही सहज उभा होता की तिला त्याचे जुने दिवस दिसले. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. युएशाच्या तोंडातला दाणा कडू लागला. एवढं भंगार काम, आणि टिकतंय?

टिकत होतं ते काकांनी भरमसाट ठासलेल्या लांबीमुळे. तीनशे हातांवर जमिनीचा आडोसा संपला आणि पहिला खरा झोत शिडावर आदळला, तेव्हा ते निखळलं. डोलकाठी मुळासकट वर आली, शीड पाण्यावर पालथं पडलं, काओ पलीकडे फेकला गेला. दुरून आवाजही आला नाही.

मास्तर हसले. त्यांना वाटलं पडले, उठतील. सू बाईंनी तर आपली फळी पुढे ढकलली.

"थांबा!" युएशा भिंतीवरून ओरडली. शेंगदाणे सांडले. "बाई, मागे या! फळीला हात लावू नका! मागे या म्हणते ना!"

काओ फळीवर पालथा पडून एका हाताने पाणी मारत होता, आणि तरी लहान लहान होत होता. फळीला भगदाड पडलं होतं, पोकळ पोटात पाणी भरत होतं, आणि वारा त्याला सरळ बाहेर नेत होता. युएशाने तटरक्षकांना फोन लावला.

"समोर शोधू नका. नैर्ऋत्येला जाईल, काळ्या खडकाच्या बाहेरून. फळी बुडत चाललीय, ती वर दिसणार नाही, माणूसच शोधा. नाही, वल्हं नाही त्याच्याजवळ. मला कसं माहीत? मला माहीत आहे!"

पावणेदोन तासांनी एका मासेमारी बोटीने त्याला उचललं, ती म्हणाली होती तिथेच. ओठ निळे पडले होते, डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. किनाऱ्यावर आणला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. सगळ्यांनी युएशाचे हात धरून आभार मानले. सू बाई रडल्या. "तुम्ही ओरडला नसता, तर मी गेले असते हो," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. युएशाला ते आभार अंगावर खरूज उठावी तसे वाटले. ती तडक घरी गेली.

दोन दिवसांनी च्वांगकाका तिच्या दारात आले. दुसरी फळी, जिच्यावर सू बाई चढणार होत्या ती, त्यांनी मधोमध करवतीने कापून आणली होती. दोन्ही तुकडे त्यांनी तिच्या टेबलावर ठेवले. आत डोकं मावेल एवढी पोकळी होती, कडेला वितळून आकसलेला पिवळट थर्माकोल.

"हे राळेने झालं," काका म्हणाले. "मी थर्माकोलवर राळेचा एक थेंब टाकून बघितला. डोळ्यांदेखत भोक पडलं. चाळीस वर्षं हात घालतोय राळेत, हे माहीत नव्हतं मला."

"बोटीत थर्माकोल नसतो, काका."

"नसतो." ते स्टुलावर बसले. "तुला माहीत होतं."

युएशाने एक तुकडा टेबलावर सरळ करून ठेवला.

"पेट्रोलपंपावर डबे बघून तू हसलीस. घरी येऊन बायकोला म्हटलंही मी, युएशा आज हसली, काय सुंदर हसते. मला वाटलं, म्हाताऱ्याला शाबासकी देतेय." त्यांनी पोकळीत हात घालून थर्माकोलचा एक गोळा काढला आणि बोटांत चुरला. "मी मूर्ख आहे असं वाटलं तर मूर्ख म्हणायचंस की तोंडावर. मी चिडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, आणि घरी जाऊन डबा उघडायच्या आधी विचार केला असता. एक वाक्य लागलं असतं, पोरी."

युएशाला चिडून काहीतरी बोलायचं होतं. खेळणं कोण म्हणालं, हे विचारायचं होतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या नखांत वाळलेली राळ होती. आयुष्यभर तिने माणसांना दोनच ढिगांत टाकलं होतं, काम येणारी आणि न येणारी. काकांना कुठल्या ढिगात टाकायचं ते तिला कळेना, आणि स्वतःला कुठे, ते तर त्याहून कळेना.

"हो, माहीत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, पाण्यात पाय ठेवताच मोडेल. हसायला मिळेल."

"मिळालं?"

"नाही."

काका उठले, पण गेले नाहीत. "दहा फळ्या शिल्लक आहेत, त्यांना मी अजून हात लावलेला नाही. कशा करायच्या ते दाखव."

"काओला हव्यात अजून?"

"त्याला आत्ता फक्त झोप हवीय. मला करायच्यात. मी घेतलेलं काम आहे."

युएशा इस्पितळात गेली ती त्याच संध्याकाळी. काओचा खांदा बांधलेला होता, बायको सफरचंद सोलत होती. युएशाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न लपवता. काओच्या बायकोचा चाकू थांबला.

काओने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मी कारखाना सोडून गेलो तेव्हा मला वाईट वाटायचं. वाटायचं, एकटी पडली, मोठ्या मनाची बाई आहे. सहा वर्षं तुझ्या शिव्या त्यापायीच ऐकून घेतल्या." त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं, ती जशी आजवर त्याच्या छत्र्यांकडे बघत आली होती तशी. "मी तुला फारच मोठी समजत होतो. फळ्या कर आणि पाठवून दे. तू येऊ नकोस."

ती निघाली. त्याच्या बायकोने तिच्यामागे दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता.

नोव्हेंबरभर युएशा आणि च्वांगकाका कारखान्यात उभे होते. ती कापायची, ठोकळा बसवायची, मधल्या पराची खाच पाडायची; काका काचकापड अंथरायचे. त्यांचा कापडावरचा हात तिच्याहून चांगला होता. एकही बुडबुडा राहत नव्हता. तिने हे तिसऱ्या फळीनंतर बघितलं आणि आठव्या फळीनंतर बोलून दाखवलं. फळ्यांबद्दलचं तिचं मत मात्र तसूभरही बदललं नाही. पहिली फळी तिने स्वतः पाण्यात नेऊन बघितली. जड, सुस्त, वळवायला पंचायत; पण वाऱ्याच्या तोंडावर, तिरकी तिरकी का होईना, परत आली.

"कशी आहे?" किनाऱ्यावरून काकांनी ओरडून विचारलं.

"म्हैस आहे!"

"पण घरी येते ना?"

"येते," युएशा म्हणाली, आणि फळी वाळूवर ओढून घेतली.

दहाही फळ्या काकांनीच काओकडे पोचवल्या. डिसेंबरात सू बाई पहिल्यांदा शीड घेऊन निघाल्या, तेव्हा काओ बांधलेल्या खांद्याने किनाऱ्यावर उभा राहून ओरडून सूचना देत होता. युएशा धक्क्यावरून जात होती. त्याने तिला बघितलं, आणि बोलता बोलता पाठ फिरवली. ती थांबली नाही. तिला कारखान्यात नव्या फळीची राळ ढवळायची होती, आणि काका तिथे वाट बघत होते.