टोपी कुणाला?

नवीन पनवेलच्या त्या घरात आठवडाभर जेवणाचं टेबल जेवायला मोकळं नव्हतं. टेबलावर पुठ्ठे, कात्र्या, गोंद आणि रंगीत सोंगट्या. माणसं मात्र ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर! घरात कॉलेजचा प्रोजेक्ट शिरला की काय होतं, ते तुम्हाला मी वेगळं कशाला सांगू?

प्रोजेक्ट होता चारुताचा आणि तिच्या मैत्रिणीचा, भावनाचा. दोघी खारघरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होत्या आणि हॅकिंगवर एक पटावरचा खेळ तयार करत होत्या. नाव ‘जाळं’. एकाने हॅकर व्हायचं आणि फसवे मेसेज पाठवायचे. मेसेजच्या चिठ्ठीला जो भुलला, त्याचं पटावरचं घर हॅकरचं! वर चारुताने एक गंमत घातली होती. फसलेल्याने कागदाची टोपी घालायची आणि बाकीच्यांनी ओरडायचं, “टोपी घातली!”

शनिवारी प्रदर्शन होतं. त्याआधी घरी एकदा खेळून बघायचं ठरलं. चारुताचे बाबा, प्रभाकर, हॅकर झाले. आई नीता पोह्यांच्या बशा घेऊन आली, तीही बसली.

बाबांना काय, चेवच चढला! पहिल्याच फेरीत भावनाला टोपी बसली. “घातली, घातली!” बाबा टेबल बडवत हसले. “डोळे मिटून कोड देतात लोक, दुसरं काय! अशांना टोपीच पाहिजे.”

पण खेळ काही रंगेना. हॅकर सारखा जिंकायचा. फसवी चिठ्ठी कुणाकडे गेली ते कळायचंच नाही, आणि सगळे पटापट गारद. चारुता रडकुंडीला आली. “परवा प्रदर्शन आणि हा असला एकतर्फी खेळ! सर हसतील आम्हाला.”

बशा उचलताना आईच्या बशीखालून एक चिठ्ठी पडली. तिच्यावर गळ काढलेला होता, फसव्या मेसेजची खूण. म्हणजे आई केव्हाच फसली होती!

“अगं आई, तू चिठ्ठी लपवलीस? चीटिंग!” चारुता ओरडली. बाबा तर पोट धरून हसायला लागले.

भावना मात्र हसली नाही. “काकू, का लपवलीत?”

“कोण टोपी घालून बसणार यांच्यापुढे?” आई हसत म्हणाली आणि तिने ती चिठ्ठी उचलून पटावर ठेवली. “खरं सांगू? खेळात नाही, खरंच फसलेय मी. काल सोसायटीतल्या कीर्तीच्या नावाने मेसेज आला. भोंडल्याच्या नावनोंदणीचा कोड तुझ्याकडे आलाय, तेवढा पाठव. कीर्तीला नाही कसं म्हणायचं? पाठवला. तेव्हापासून माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे.”

“आणि तू बोलली नाहीस?” बाबांचं हसू गेलं.

“तुम्ही आत्ता हसलात ना, तेच ऐकायचं होतं का मी?”

 मान खाली घालून बाबा टेबलावर सांडलेले पोहे टिपत राहिले.

भावना उरणच्या कोळीवाड्यातली. कॉलेजात ती अगदी शहरी बोलायची, पण तळमळून बोलायला लागली की घरची बोली बाहेर यायची. “काका, माझे बाबा दर्यावर जातात. जाळं खडकाला लागून फाटलं तर आमी लपवत नाय. मागच्या होडीला हाक मारतो, ‘इकडं खडक हाय!’ फाटलं ते फाटलं, पण मागच्याचं तरी वाचतं. तुमी हसलात तर हाक कोण मारणार? आणि काकू गप्प बसल्या, तर आता त्यांच्या नावाने तो चोर कुणाकुणाला कोड मागत असेल!”

अरे देवा! हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने लगेच शेजारच्या शशिकलाकाकूंना फोन लावला. “काकू, माझ्या नावाने काही मेसेज आला तर…”

“अगं, आलाय की! भोंडल्याचा कोड. चष्मा सापडत नव्हता म्हणून, नाहीतर केव्हाच पाठवला असता!”

आईच्या तोंडून “वाचलात हो!” असं काही निघालं की सगळ्या खोलीला हसू फुटलं. मग तिने एकामागून एक सगळ्या बायकांना फोन केले. एकीनेही तिला नावं ठेवली नाहीत. उलट खरी कीर्तीच म्हणाली, “नीता, माझंही परवा असंच झालं गं! लाजेने बोलले नाही.” बाबा सायबर पोलिसांकडे तक्रार करायला स्वतः बसले, आणि दुसऱ्या दिवशी आईचं खातं परतही मिळालं.

त्याच संध्याकाळी चारुताने नियम बदलला. फसलेल्याने ओरडायचं, “इकडं खडक हाय!” ओरडला की बाकीच्या सगळ्यांच्या घरांना एकेक कुलूप. सगळी घरं बंद झाली की हॅकर हरला!

शनिवारी खारघरच्या कॉलेजात एकाच टेबलाभोवती झुंबड होती. पोरं मुद्दाम फसून ओरडत होती, सरसुद्धा ओरडले. बाबा पुन्हा हॅकर झाले आणि चौथ्याच फेरीत साफ हरले.

“आता ही टोपी कुणाला?” चारुताने विचारलं.

“ज्याने फसवलं त्याला!” असं म्हणून बाबांनी ती स्वतःच डोक्यावर चढवली. आईने सगळ्यांत आधी टाळी वाजवली, आणि मग हसता हसता डोळे पुसले.

मंडळी, आपल्या घरातही कुणीतरी एखादी चिठ्ठी बशीखाली दडवून बसलं असेल. त्याला हसू नका. लाज वाटायची तर फसवणाऱ्याला वाटू दे. फसलेल्याने मोकळेपणी हाक मारावी आणि आपण तिला ओ द्यावी, म्हणजे मागच्या होड्या वाचतील!